घोड्याची पाठ म्हणजे मिंबर नव्हे

घोडा आणि वाळवंट ही जोडी आपल्या मनात अरबस्तानातून आली. कुरआनातली शंभरावी सूरह, ‘आदियात’, धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते आणि लगेच माणसाच्या कृतघ्नतेवर येते. घोडा आपल्या धन्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावतो. माणूस मात्र आपल्या रबचे उपकार विसरतो. दोन गोष्टी इतक्या जवळ ठेवल्या आहेत की घोड्यावर बसणाऱ्याला स्वतःकडे बघावंच लागतं.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर वाळवंट नाही, पुळण आहे. पण घोडा इथे नवा नाही. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे दख्खनच्या सुलतानांसाठी ज्या बंदरांत उतरत, त्यांतलं एक आपलं चौल. 1469 च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन इथेच उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. चौलहून पालीमार्गे जुन्नरला पोहोचायला त्याला तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागले. आज आपण हे अंतर काही तासांत कापतो आणि वाटेतलं काहीच सांगू शकत नाही. त्याने मात्र पाहिलेलं लिहून ठेवलं: माणसांचे पोशाख, चार महिन्यांचा पाऊस आणि चिखल, घोड्यांना हरभरे आणि साखर घालून शिजवलेली खिचडी देण्याची रीत. जुन्नरच्या असद खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि ‘मुसलमान हो, तरच परत देतो’ अशी अट घातली. तो परत मिळवून दिला तोही एका मुसलमानानेच, खुरासानहून आलेल्या महंमदने. ही गोष्ट आपण विसरू नये.

घोड्यावरून निसर्ग पाहायचा तर तो असा, चालीने पाहायचा असतो. सुकती लागल्यावर, म्हणजे ओहोटीला, अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या जातात. ज्या खडकावर किल्ला उभा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, सह्याद्रीच्याच कुळातला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची विहीर! ओल्या वाळूवर चिमुकल्या खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या गोळ्या दिसतात. पुढची भरती त्या पुसते आणि खेकडे पुन्हा मांडतात. हिवाळ्यात दूर देशाहून आलेले कुरव पक्षी पाण्याच्या कडेला थव्याने बसतात. घोड्याच्या टापेला ते मोटारीइतके बिचकत नाहीत. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे इथे घड्याळ आपलं नसतं, समुद्राचं असतं. घोडेवाल्याला हे पाठ असतं. त्याला विचारा, तो सांगेल. पण विचारतो कोण?

आपण किनाऱ्यावर करतो काय? दोन मिनिटांची दौड, नाहीतर नुसता फोटो. मे महिन्यात भर दुपारी एका किनाऱ्यावर मी पाहिलं: घोडा जागचा हलत नव्हता, आणि त्याच्या पाठीवर एकामागून एक माणसं चढत-उतरत होती. आधी बाप, मग मुलं, मग मामा, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. एकाने तर वर बसूनच फोनवर पाच मिनिटं गप्पा मारल्या. घोडा मान खाली घालून उभा. त्यांत आपली मंडळीही होती, म्हणून हे लिहितो.

अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. जनावरांच्या पाठीला मिंबर बनवू नका, असं पैगंबर साहेबांनी (स.) बजावलं. ही जनावरं तुम्हाला दूरच्या गावी पोहोचवण्यासाठी दिली आहेत. बाकीच्या कामांसाठी जमीन आहे, असा त्याचा आशय. चौदाशे वर्षांपूर्वी कॅमेरा नव्हता, पण माणसाची खोड हीच होती. घोडा प्रवासासाठी आहे, मिरवण्यासाठी नाही. ज्याला फक्त फोटो हवा, त्याने घोड्याशेजारी उभं राहावं.

कायदाही फार वेगळं सांगत नाही. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात 9 तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 5 तासांहून जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर जातो तिथे दुपारी 12 ते 3 काम नाही. पाठीवर माणूस घेणाऱ्या घोड्यालाही किमान एवढं तरी मिळालं पाहिजे.

काही जण म्हणतील, मग बंदच करा. मला ते पटत नाही. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. कित्येक पिढ्या याच धंद्यावर जगलेल्या घरांपुढे प्रश्न उभा राहिला. आपल्या किनाऱ्यावर ती वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर शहाणपण कोर्टाच्या आधी आपल्याला सुचलं पाहिजे.

करायचं फार अवघड नाही. घोडेवाल्यांनी सावली, गोडं पाणी आणि दुपारची सुट्टी ठरवून घ्यावी आणि ग्रामपंचायतींनी त्यासाठी जागा द्यावी. फेरी दोन मिनिटांची न ठेवता अर्ध्या तासाची, चालीची ठेवावी. पैसे जास्त घ्यावेत, पण खेकडे, पक्षी, किल्ला दाखवावा. घोडा ओल्या वाळूवरूनच न्यावा, कारण दिवेआगर, मारळ, हरिहरेश्वरसारख्या किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत हिवाळ्यात कासवं अंडी घालतात. आणि आपण, गिऱ्हाइकांनी, भाव करण्याआधी घोड्याच्या पाठीवर जखम आहे का, तो लंगडतो का, हे पाहावं. असेल तर बसू नये, आणि का बसत नाही ते सांगावं. गिऱ्हाईक जे मागतं, तेच किनाऱ्यावर विकलं जातं.