कियांतीची विकाऊ शांतता

इटलीत फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या दरम्यान कियांतीच्या टेकड्या आहेत. तेथील द्राक्षमळ्यांतील जुन्या दगडी घरांत सुट्टी घालविण्यास येणाऱ्या धनिकांना त्या निवांतपणाचे मोठे अप्रूप वाटते. वस्तुतः ही शांतता निसर्गाची देणगी नव्हे. तिच्यामागे आर्थिक इतिहास आहे.

ही घरे अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुटुंबांची होती. खाली गोठा, वर स्वयंपाकघर व खोल्या. धान्य, द्राक्षे, ऑलिव्हचे तेल यांचा निम्मा वाटा मालकाचा; जमीन त्याची आणि घरही त्याचेच. महायुद्धानंतर कुळांनी लढे दिले. १९४७ साली त्यांचा वाटा ५३ टक्के ठरला. १९६४ च्या कायद्याने तो ५८ टक्क्यांवर नेला व अर्धेलीचे नवे करार निषिद्ध केले. तोवर तरुण मंडळी कारखान्यांकडे निघून गेली होती. वाटा वाढला, मालकी मिळाली नाही. म्हणून कुळाला गाव सोडण्याचे स्वातंत्र्य लाभले, गावात राहण्याचे नाही.

ओस पडलेली घरे शहरी व परदेशी पैशाने विकत घेतली. गोठ्याचा दिवाणखाना झाला. १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या घरी पाहुणे ठेवण्याच्या जोडधंद्याला मान्यता दिली. पण तो लाभ शेतीत टिकून राहिलेल्यांनाच.

अर्धेली गेली याचा खेद करण्याचे कारण नाही. त्या व्यवस्थेत मालकाच्या संमतीवाचून कुळाच्या घरी लग्नही ठरत नसे. परंतु जमीनसुधारणा उशिरा आणि अर्धवट झाली, की कष्टकरी बंधनातून सुटतो आणि त्याने घडविलेली भूमी दुसऱ्याच्या विश्रांतीची जागा होते, हे विसरून चालणार नाही.