कपाशीची पावडर, भोपाळचे पाणी



भोपाळ म्हटले की डिसेंबर १९८४ ची ती रात्र आठवते. वायू सुटला, हजारो माणसे मेली. पण भोपाळात दुसरीही एक विषबाधा झाली. ती एका रात्रीत झाली नाही, म्हणून तिची बातमी झाली नाही. आणि तिचा आपल्या पऱ्हाटीशी थेट संबंध आहे.

युनियन कार्बाइडचा तो कारखाना बनवत काय होता? सेव्हिन, म्हणजे कार्बारिल. जुन्या मंडळींनी ही पावडर बोंडअळीवर मारलेली आहे. कृषी महाविद्यालयात आम्ही तिची मात्रा पाठ करायचो. ती बनवताना उरणारा गाळ आणि बिघडलेला माल जातो कुठे, हा प्रश्न एकाही परीक्षेत आला नाही! १९६९ पासून तो कारखान्याच्या आवारातच खड्ड्यांत टाकला जात होता. पुढे बाहेर तळी खोदली, तळाला प्लॅस्टिक अंथरले आणि विषारी सांडपाणी उन्हात आटवायला सोडले. तळे गळते आहे, ही नोंद कंपनीच्या कागदांत १९८२ सालीच आहे. शेततळ्याचा कागद किती वर्षे टिकतो, हे ज्याने अंथरला त्याला विचारावे.

१९९९ मध्ये ग्रीनपीसने तपासणी केली. मातीत पारा निघाला, भूजलात कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्म. ही दोन्ही पाण्यापेक्षा जड. ती तरंगत नाहीत, झिरपत खाली जातात, खडकाच्या फटीत बसतात आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी विरघळत राहतात. पाणी दिसायला नितळच. कार्बन टेट्राक्लोराइड यकृत आणि मूत्रपिंड खराब करते. पारा मज्जातंतूंवर जातो, पोटातल्या बाळाला तो अधिक घातक. अटल अय्यूब नगर, ब्लू मून कॉलनी अशा वस्त्यांत लोक हातपंपाचे पाणी पीत होते. वायूकांडानंतर राहायला आलेली कुटुंबेही त्यात होती. वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असा आदेश २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

खरी मेख पुढे आहे. वायूने गुदमरून मेलेला माणूस मोजता येतो. दहा वर्षे थोडे थोडे विष प्यालेल्या बाईच्या केसपेपरवर ‘रक्त कमी’, ‘कावीळ’, ‘त्वचारोग’ एवढेच लिहिले जाते. पाण्यामुळेच झाले हे सिद्ध कर, असेही तिलाच सांगतात. ज्याने टाकले त्याने काहीच सिद्ध करायचे नाही. १९९८ मध्ये कारखान्याची जमीन सरकारच्या गळ्यात पडली. २००१ मध्ये मूळ कंपनी डाऊने घेतली, आणि डाऊ म्हणते, आमचा संबंध नाही. नफ्याला वारस असतो, उकिरड्याला नसतो!

१ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला नेला. तिथल्या लोकांनी रस्ते अडवले, तरी जूनअखेर तो जाळून झाला. धूर मर्यादेत होता, असे सरकार सांगते. असेलही. पण राख उरते, आणि तिलाही जागा लागते. नागपूरच्या नीरीने हैदराबादच्या एनजीआरआयबरोबर २०१० मध्ये अंदाज दिला होता की भोपाळात सुमारे ११ लाख टन माती दूषित आहे. म्हणजे तीन हजार पोत्यांतले एक पोते उचलले.

कार्बारिलवर २०१८ मध्ये देशात बंदी आली. बंदी आलेला, मुदत संपलेला माल नाल्यात, पडक्या विहिरीत किंवा उन्हाळ्यात भेगाळलेल्या वावरात ओतला, तर काळ्या रानातल्या हातभर खोल भेगा त्याला सरळ खाली नेतील. असा माल कंपनीनेच स्वखर्चाने परत न्यावा, हीच आपली मागणी असली पाहिजे. औषध विकताना ती गावापर्यंत पोचतेच ना?

आणि रात्रीचा टँकर शिवारातल्या नाल्याकडे वळताना दिसला, तर गाडीचा नंबर व तारीख लिहून ठेवा, ग्रामपंचायतीत ठराव घ्या. नेहमीच्या पाणी तपासणीत क्षार, फ्लोराइड आणि जंतू पाहतात, ही विषे पाहत नाहीत. म्हणून ‘कीटकनाशकांचे अंश व सॉल्व्हंट’ तपासा, अशी लेखी मागणी करा. सॉल्व्हंटसाठीचा नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता भरावा, नाहीतर ती द्रव्ये उडून जातात. पाणी चांगले असतानाच एकदा तपासून घेतलेला कागद दप्तरात असू द्या. उद्या ‘आधीपासूनच खराब होते’ म्हणणाऱ्या साहेबाला तोच दाखवायचा आहे.