एम्सचा धडा आणि रुग्णालयांतील बिनतारी जाळे

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील ‘ई-हॉस्पिटल’ यंत्रणा बंद पडली. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिले, सारे पुन्हा हाताने लिहिण्याची पाळी आली आणि ती सुमारे दोन आठवडे टिकली. याचा भार कोणी सोसला? ज्याच्यापाशी खाजगी इस्पितळात जाण्याइतका पैसा नाही, त्या रांगेतल्या माणसाने!

पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली, हे सरकारनेच संसदेत सांगितले. कारणही सांगितले: संस्थेच्या संगणक-जाळ्याची विभागणी योग्य प्रकारे केलेली नव्हती. एका दारातून शिरलेला चोर घरभर फिरू शकतो, असा याचा सरळ अर्थ.

रुग्णालयांतून वाय-फायचा विस्तार होत असता ही कबुली विसरून चालणार नाही. बिनतारी लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. नातेवाइकांचे मोबाइल, परिचारिकांच्या हातातील टॅब्लेट आणि अतिदक्षता विभागातील यंत्रे एकाच जाळ्यावर, एकाच सांकेतिक शब्दावर चालू ठेवणे हा निव्वळ हलगर्जीपणा होय. पाहुण्यांचे जाळे वेगळे हवे, उपकरणांचे वेगळे. प्रत्येक कर्मचाऱ्याची ओळख स्वतंत्र हवी. नोंदींची एक प्रत जाळ्याबाहेर हवी. शिवाय जाडजूड भिंतींच्या जुन्या वॉर्डांत लहरी पोहोचतात की नाही, हे खाटेखाटेपाशी मोजलेच पाहिजे. अन्यथा परिचारिका नोंद करण्यासाठी व्हरांड्यात धावणार.

यात अद्भुत असे काही नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला वेठीस धरले, तेव्हा त्यावरील दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. ती बसवली गेली नव्हती, इतकेच.

एम्समध्ये दोन संगणक-विश्लेषक निलंबित झाले. वर्षानुवर्षे न झालेल्या विभागणीचे पाप दोन कर्मचाऱ्यांच्या माथी मारणे सोपे असते. जाळे आखणे, त्यासाठी पैसा मंजूर करणे हे मात्र त्यांच्या हाती नसते. जून २०२३ मध्ये याच संस्थेवर पुन्हा हल्ला झाला. या वेळी तो वेळीच ओळखून परतवण्यात आला. अर्थात, काळजी घेतल्यास हे साधते. मग जिल्हा रुग्णालयांना ती काळजी का नको? तेथे यंत्रे पाठवण्याआधी ती सांभाळणाऱ्या माणसांची कायमस्वरूपी पदे मंजूर झाली पाहिजेत, आणि अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद खरेदीच्या शेजारीच दिसली पाहिजे.