जुन्या रिळांचा सौदा

वय पन्नाशीच्या पुढे गेलेले, केस पांढरे झालेले, हातात नवे काम नाही. अशा स्थितीत एक नट आपली रँच विकतो, उरलेसुरले गहाण टाकतो आणि त्या पैशातून विकत काय घेतो, तर आपणच काम केलेल्या जुन्या चित्रपटांचे हक्क. चित्रपटही असे की, जे गावोगावच्या पडद्यांवर फिरून फिरून झिजले आहेत आणि ज्यांना मोठी चित्रपटगृहे दारातही उभे करीत नाहीत. पेढीवर बसलेल्या कोणत्याही जाणत्या माणसाने अशा गिऱ्हाइकाला दोन शब्द समजुतीचे सांगून परत पाठविले असते. हॉलिवूडमधील विल्यम बॉइड या नटाने १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा सौदा केला, आणि त्यासाठी सुमारे साडेतीन लाख डॉलर मोजले.

हा माल कोणता होता, हे आधी पाहिले पाहिजे. १९३०च्या मंदीत अमेरिकेतील चित्रपटगृहे ओस पडू लागली, तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची प्रथा रूढ झाली. पहिला मोठ्या कंपनीचा, मोठ्या नटांचा. दुसरा जोडीला दिलेला, अल्प खर्चाचा. व्यापारी माणसाला यातील मेख लगेच कळेल. मोठ्या चित्रपटाचे भाडे तिकीटविक्रीच्या टक्केवारीवर ठरे. जोडीच्या चित्रपटाला मात्र ठरावीक रक्कम मिळे. प्रेक्षागृह भरो वा रिकामे राहो, उत्पन्न तेवढेच. उत्पन्न वाढण्याची आशाच नसेल, तर नफा केवळ खर्च आखडण्यातून निघणार. म्हणून हे चित्रपट थोड्या दिवसांत उरकले जात, तासाभराच्या आसपास संपत, आणि घोड्यांचा पाठलाग किंवा गुरांची पळापळ यांची जुनी दृश्ये नव्या कथेत बेमालूम जोडली जात. रिपब्लिक, मोनोग्राम यांसारख्या कंपन्यांचा संसार मुख्यतः अशाच मालावर चालत असे.

या मालाचे सर्वांत निष्ठावंत गिऱ्हाईक म्हणजे मुले. शनिवारी दुपारी काही सेंट घेऊन ती चित्रपटगृहात जात. काउबॉय, त्याचा इमानी घोडा, एक विनोदी सोबती, गुरे चोरणारे बदमाष आणि जमीन बळकावू पाहणारा एखादा सभ्य पोशाखातला लबाड, एवढा ऐवज त्यांना पुरे होई. कथा तीच असे, याची तक्रार मुलांनी कधी केली नाही. लहान मुलांना नवी गोष्ट नको असते, आवडलेली गोष्ट पुन्हा हवी असते, हे आजीइतकेच त्या निर्मात्यांनाही ठाऊक होते.

बॉइड या धंद्यात आला तो मात्र वरच्या पायरीवरून घसरून. १८९५ साली ओहायो राज्यात जन्मलेला हा देखणा माणूस सेसिल बी. डिमिल या नामांकित दिग्दर्शकाच्या मूकपटांत नायक झाला. ‘द व्होल्गा बोटमन’ने १९२६ मध्ये त्याला कीर्ती दिली. पैसा आला तसा उधळलाही गेला. पुढे बोलपट आले, आणि १९३१च्या सुमारास एक विलक्षण आपत्ती कोसळली. विल्यम बॉइड याच नावाचा एक रंगभूमीवरचा नट जुगार आणि बेकायदा दारू या प्रकरणात पकडला गेला, आणि वृत्तपत्रांनी बातमीसोबत चुकून या बॉइडचे छायाचित्र छापले. कंपनीशी असलेला करार तुटला. खुलासे झाले असतील, पण बाजारात एकदा गेलेली पत खुलाशाने परत येत नाही. दुसऱ्याच्या नावची उधारी आपल्या खात्यावर चढावी, असाच हा प्रकार. तो दुसरा बॉइड १९३५ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी या बॉइडचे नशीब पालटले.

हॅरी शर्मन नावाच्या निर्मात्याने क्लॅरेन्स मलफर्ड या लेखकाच्या कथांचे चित्रपटाचे हक्क घेतले होते. मलफर्ड हा गमतीदार गृहस्थ; ब्रुकलिनमध्ये सरकारी कारकुनी करता करता त्याने पश्चिमेकडील काउबॉयांच्या कथा लिहिण्यास प्रारंभ केला, त्याही तो प्रदेश डोळ्यांनी पाहण्यापूर्वी. त्याचा नायक हॉपॅलाँग कॅसिडी हा शिवराळ, दारू पिणारा, लंगडत चालणारा रांगडा गडी होता. बॉइडला आधी दुसरीच भूमिका देऊ केली होती. त्याने नायकाचीच मागितली आणि मिळविली. घोड्यावर बसण्यात तो आरंभी मुळीच तरबेज नव्हता, हे पडद्यावर कोणाला कळले नाही.

मग पडद्यावरचा कॅसिडी हळूहळू पुस्तकातल्या कॅसिडीपासून दूर गेला. काळा पोशाख, टॉपर नावाचा पांढरा घोडा, मृदू बोलणे. तो दारू पीत नाही, धूम्रपान करीत नाही, शिवी देत नाही; गुत्त्यात गेलाच तर सार्सापॅरिला हे गोड पेय मागतो. बंदूक आधी कधी उपसत नाही. मलफर्डला हा आपल्या नायकाचा अपमान वाटला, तरी मानधन त्याने नाकारले नाही. याहून मजेची गोष्ट पुढे घडली. पन्नाशीच्या दशकारंभी कॅसिडीच्या नव्या कादंबऱ्या लिहिण्यासाठी लुई लामूर या तेव्हा अप्रसिद्ध असलेल्या लेखकाला नेमले गेले. त्याला मूळ पुस्तकातला रांगडा कॅसिडी हवा होता, प्रकाशकांना पडद्यावरचा सज्जन. लामूरने टोपणनावाने त्या लिहिल्या खऱ्या, पण पुढे नामवंत झाल्यावर त्या आपल्या आहेत हेच तो नाकारीत राहिला.

या चित्रपटांतील शौर्य फार खरे होते असे म्हणता येणार नाही. गोळी लागलेला माणूस पोट धरून पडे, रक्ताचा थेंब दिसत नसे. मृत्यू हा जणू कपडे झटकून उठण्याजोगा प्रकार. या प्रकारच्या चित्रपटांनी तेथील मूळ रहिवाशांचे आणि मेक्सिकन लोकांचे जे चित्र मुलांच्या मनात रुजविले, तेही बहुधा अन्यायाचेच होते. निर्व्यसनी नायक दाखविला म्हणून सगळे पदरात घालून घेण्याचे कारण नाही.

शर्मनने १९४४ पर्यंत ५४ चित्रपट काढले. खर्च वाढला तसा त्याने हात आखडता घेतला. पुढचे १२ बॉइडने स्वतः काढले, आणि १९४८ मध्ये तेही थांबले. एकूण ६६. या दरम्यानच बॉइडने हक्कांचा तो सौदा जुळविला. शर्मनचे हक्क, मलफर्डचे हक्क, असे तुकडे गोळा करीत त्याने ही सारी मालमत्ता एका नावावर आणली. पत्नी ग्रेस ब्रॅडली ही स्वतः अभिनेत्री होती. घरदार मोडून लहान जागेत राहायला जाताना ती त्याच्यासोबत राहिली. बॉइडचे आधीचे एकाहून अधिक विवाह मोडले होते, हे ध्यानात घेतले तर या साथीचे मोल अधिक जाणवते.

त्याला दिसले होते ते एवढेच : दूरदर्शन संच घरोघर जाऊ लागला होता आणि त्यावर दाखवायला माल नव्हता. मोठ्या कंपन्या दूरदर्शनला शत्रू समजून आपले चित्रपट कुलपात ठेवीत. तासाभराचा, मुलांना चालणारा, एकहाती हक्क असलेला तयार साठा जवळजवळ एका बॉइडकडेच होता. आधी स्थानिक प्रक्षेपण झाले. २४ जून १९४९ रोजी एनबीसीच्या जाळ्यावरून हॉपॅलाँग कॅसिडी देशभर दिसू लागला. नेमक्या त्याच काळात संचांची संख्या काही हजारांवरून लाखांवर जात होती. ज्या रिळांना चित्रपटगृहांत ठरावीक भाड्यापलीकडे दमडी मिळाली नव्हती, तीच आता दर आठवड्याला नवे पीक देऊ लागली.

खरा पैसा मात्र रिळांतही नव्हता, नावात होता. नाव आणि चेहरा दोन्ही बॉइडच्या मालकीचे, त्यामुळे कपडे, टोप्या, घड्याळे, सायकली यांवर ते छापण्याचा परवाना तोच देई. नॅशव्हिलच्या अलादीन कंपनीने १९५० मध्ये शाळेच्या डब्यावर कॅसिडीचे चित्र चिकटविले, आणि वर्षाला पन्नास हजारांच्या घरात खपणारा तिचा डबा सहा लाखांवर गेला. लोखंडी डबा टिकाऊ, वर्षानुवर्षे मोडत नाही. पण चित्र बदलले की मूल नवा मागते, ही युक्ती त्या धंद्याला त्या दिवशी सापडली. त्या वर्षी नोव्हेंबरात ‘टाइम’ने त्याला मुखपृष्ठावर घेतले. बँकांनी कॅसिडीच्या नावाने मुलांचे बचत मंडळही चालविले. मूल आपली नाणी जमा करी, आणि शिल्लक वाढेल तसे नवशिक्यापासून फोरमनपर्यंत वरचे वरचे बिल्ले मिळवी. डब्याने पालकांच्या खिशातून काढलेले थोडेफार तेथे परत येत असावे.

मालकीचे महत्त्व किती, हे रॉय रॉजर्सच्या उदाहरणावरून कळते. हाही मुलांचा लाडका काउबॉय, पण त्याचे चित्रपट रिपब्लिक कंपनीचे. कंपनी ते दूरदर्शनला विकू लागली तेव्हा तो १९५१ मध्ये न्यायालयात गेला. आपल्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे हक्क त्याने करारात राखून ठेवले होते, त्या बळावर तो पहिल्या न्यायालयात जिंकला. १९५४ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरविला. नाव त्याचे राहिले, रिळे कंपनीची.

बॉइडने पन्नाशीच्या दशकात निवृत्ती घेतली. सवयी त्याने आधीच बदलल्या होत्या. मुलांसमोर पेला किंवा सिगारेट हाती दिसू नये, याबद्दल तो काटेकोर असे. वृद्धापकाळी आजाराने आणि शस्त्रक्रियेने चेहरा पालटला, तेव्हा त्याने छायाचित्रे आणि मुलाखती देणे बंद केले. १९७२च्या सप्टेंबरात तो गेला तोवर कॅसिडी पाहून वाढलेली ती मुले स्वतः आईबाप झाली होती, आणि त्यांच्यापुरता तो अजून टॉपरवर बसलेला होता.