घरातलं बाहेर सांगणारे

फिलिप रॉथच्या ‘पोर्टनॉइज कम्प्लेंट’चा नायक मानसोपचारतज्ज्ञासमोर आई, धर्म आणि वासना यांबद्दल मनातलं सगळं ओकून टाकतो. १९६९ साली कादंबरी आली तेव्हा अमेरिकेतले अनेक ज्यू वाचक खवळले. घरची लक्तरं वेशीवर टांगली, असं त्यांना वाटलं. आमच्या वाणगाव-बोईसर पट्ट्यात हा राग कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. मुलगी कुणाबरोबर दिसली, हे ती लोकलमधून उतरायच्या आत घरी कळलेलं असतं! पण मला जास्त जवळची वाटते एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या कादंबरीतली ज्यू रेचल. अलिबागजवळच्या दांड्यात ती एकटी राहते. मुलं इस्रायलला गेलेली. सिनेगॉगची जागा वाचवायला ती भांडते, आणि मुलीचं लग्न जुळावं म्हणून झुरतेही. जवळपास प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने उघडतं, म्हणजे घराची गोष्ट चुलीपासूनच सुरू होते. ही माणसं परकी नाहीत: पूर्वी घाण्यावर तेल गाळणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, मराठी बोलणारे, पेणकर-रोहेकर आडनावांचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. इस्रायलमध्ये याच लोकांच्या लग्नांवर धर्मगुरूंनी शंका घेतली, आणि १९६४ साली त्यांना तिथे रस्त्यावर उतरावं लागलं. कुणाशी लग्न करायचं, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत थेट सरकारपर्यंत गेला. ‘बुक ऑफ रेचल’ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. रॉथ जरूर वाचा, पण आधी आपल्या कोकणातली रेचल वाचा.