चेंडूंची खतावणी

माझा तेरा वर्षांचा नातू एका रात्री पाणी प्यायला उठला आणि ओट्याला धरून जरा वाकूनच उभा राहिला. "काय रे?" म्हटलं तर म्हणाला, "काही नाही आबा." आजीला मात्र शंका आली. तिने कमरेच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं आणि पोरगं कळवळलं. दोन महिने दुखत होतं. सांगितलं तर सर संघातून काढतील, म्हणून गप्प!

हा उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. निदान त्याचा तसा समज आहे.

बँकेत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला संकटात एकच सुचतं : हिशेब. त्याला शेजारी बसवून मी आठवड्याचे चेंडू मांडले. चार दिवस नेटमध्ये रोज साठ, शनिवारी शाळेच्या सामन्यात सात षटकं, रविवारी क्लबसाठी आठ. बेरीज ३३०. रोज संध्याकाळी सोसायटीत टाकलेले टेनिस बॉल वेगळेच. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने आखलेल्या निर्देशांत तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसभरात १० षटकांची मुभा होती. म्हणजे कागदावर आमचा एकही दिवस मर्यादेबाहेर नव्हता. शाखेत अशी खाती मी पुष्कळ पाहिली आहेत. रोजच्या उचलीत खोट काढता येत नाही, पण भरणा कधी होतच नाही.

डॉक्टरांनी ते समजावून सांगितलं. चेंडू सोडताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, त्याच क्षणी पाठ वाकते आणि पिळवटतेही. वाढत्या वयातलं हाड दोन दिवस विसावलं तर झीज भरून काढतं. नाही तर बारीक चीर जाते. उजव्या हाताने टाकणाऱ्याला ती बहुधा डावीकडे जाते. सुरुवातीला एक्स-रेत दिसतही नाही. आमचाही एक्स-रे स्वच्छ होता, एमआरआयने चोरी पकडली. तीन महिने गोलंदाजी बंद.

दुसरं कारण शैलीचं. छाती फलंदाजाकडे ठेवून टाका किंवा खांदा त्याच्याकडे करून टाका, दोन्ही चालतं. पण कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या, अशी खिचडी झाली की पाठ मोडते. टीव्हीवर पाहून एकाची धाव आणि दुसऱ्याचा हात उचलणाऱ्या मुलांचं नेमकं हेच होतं. (आणि पालकहो, बारा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्यांचा चेंडू का देता? तेरा वर्षांखालच्यांसाठी नियमातच १३३ ते १४४ ग्रॅमचा हलका चेंडू आहे.)

डेनिस लिलीच्या पाठीची हाडं १९७३ मध्ये अशीच दुखावली होती. तो संपला, असं लोक म्हणत होते. त्याने शरीर नव्याने घडवलं, शैली सुधारली आणि कसोटीत ३५५ बळी घेऊन थांबला. हाच लिली १९८७ पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आपल्या मुलांना शिकवू लागला. तिथे घडलेल्यांपैकी एक आपल्या श्रीरामपूरचा जहीर खान. भारतीय संघाबाहेर पडल्यावर २००६ मध्ये तो वूस्टरशायरकडून काउंटी खेळला, धाव आखूड केली, दोन्हीकडे स्विंग करण्यावर भर दिला. २००७ च्या ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने नऊ बळी घेतले, तेव्हा त्याचा वेग पूर्वीपेक्षा कमीच होता. २०११ च्या विश्वचषकात २१. लांब धाव घेऊन दमछाक करून घेणाऱ्या मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. ती ऐकत नाहीत. त्या वयात मीही ऐकलं नसतं.

सरांना मी दोष देत नाही. एका नेटवर चाळीस मुलं. कोणाची कंबर दुखते हे त्यांना कसं कळणार? ते मुलानेच सांगायला हवं, आणि सांगितल्यावर त्याची जागा जाणार नाही, हा शब्द आधी आपण मोठ्यांनी द्यायला हवा. मी सरांना जाऊन भेटलो. जागा राखून ठेवतो म्हणाले.

तीन महिने संपले. गेल्या रविवारी पहिल्यांदा टाकले, मोजून चोवीस चेंडू, अर्ध्या धावेने. माझी जुनी डायरी आता त्याच्याकडे आहे. रात्री ती उघडून बसला होता, पेन्सिल तोंडात.

"आबा, संध्याकाळचे टेनिस बॉलपण लिहायचे?"

"किती होते?"

बराच वेळ उत्तर आलं नाही.