आपली बेटे

सुट्टीत ग्रीसच्या बेटांवरचे मठ आणि किनारे पाहून आलेली मंडळी हल्ली आपल्याकडेही भेटतात. जरूर जावे. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यातही बेटे आहेत! अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदाकाठी. सरदार सरोवराचे पाणी चढत गेले आणि टेकड्यांचे माथे तेवढे उरले. मणिबेलीत १९९३च्या पावसाळ्यात पाणी शिरले. शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही बुडाले. गुजरातेत गोऱ्याला नवे बांधले. देवाचे पुनर्वसन झाले म्हणायचे! काठावरच्या काही पाड्यांतल्या आदिवासींना मात्र आजारी माणूस आजही होडीत घालूनच न्यावा लागतो. या पाण्यावर सहलीच्या बोटी फिरायला आमची हरकत नाही. त्याआधी पाड्यांना रोजची, वेळेवर सुटणारी बोट मिळू द्या.